बिळाचा धनी

ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात डोंगराळ भागात टिंबरटॉप नावाची एक निवासी शाळा आहे. १९६० साली तिथे पीटर निकल्सन नावाचा एक विद्यार्थी होता. रात्री दिवे मालवले की हा पठ्ठ्या गुपचूप बाहेर पडायचा आणि टॉर्च घेऊन वॉम्बॅटच्या बिळात शिरायचा. पोटावर सरपटत, कोपरांवर भार देत, पुढे काय आहे हे दिसत नसताना. वरची माती बसली असती तर कुणाला पत्ताही लागला नसता, आणि समोरून तीस किलोचे जनावर आले असते तर वळायलासुद्धा जागा नव्हती. तरी तो जात राहिला. त्याने बिळे मोजली, त्यांचे नकाशे काढले, आतल्या वॉम्बॅटांना आपली सवय लावली. हे सगळे त्याने १९६३ मध्ये शाळेच्या मासिकात लिहून काढले. पुढे ज्यांनी ज्यांनी वॉम्बॅटचा अभ्यास केला, त्यांना त्या शालेय लेखाची दखल घ्यावी लागली, कारण बिळाच्या आत जाऊन पाहिलेला दुसरा कुणी नव्हता. आजच्या एखाद्या पालकसभेत हा उद्योग नुसता ऐकवला तरी मुख्याध्यापकांची खैर नाही.

निकल्सनचा मार्ग धोक्याचा होता, पण रोख बरोबर होता. वॉम्बॅट बाहेर दिसतो तो रात्री चरताना, तेही थोडा वेळ. आयुष्याचा मोठा भाग तो जमिनीखाली काढतो. त्याचे शरीर, त्याचे पचन, त्याच्या पिल्लाची पिशवी, त्याचा रोग, शेतकऱ्याशी असलेले त्याचे भांडण आणि त्याला वाचवण्याचे उपाय, यांतले काहीही घ्या, धागा शेवटी बिळाशीच जाऊन पोचतो.

वॉम्बॅट हा कांगारूसारखाच पोटाला पिशवी असलेला प्राणी, म्हणजे शिशुधानी. आज जिवंत असलेल्या प्राण्यांत त्याचा सगळ्यांत जवळचा नातेवाईक मात्र कांगारू नाही, तर कोआला. एक झाडावर चढून बसला, दुसरा जमिनीत उतरला. वॉम्बॅटच्या तीन जाती आहेत. आग्नेय ऑस्ट्रेलिया आणि टास्मानियात आढळणारा उघड्या नाकाचा वॉम्बॅट सगळ्यांत जास्त पाहायला मिळतो. दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या माळांवर आणि नलारबोरच्या सपाट, झाडे नसलेल्या पठारावर राहतो तो दक्षिणेचा केसाळ नाकाचा. तिसरा, उत्तरेचा केसाळ नाकाचा, क्वीन्सलंडमध्ये जेमतेम टिकून आहे; त्याच्याकडे सावकाश येऊ. यांचे पूर्वज आणि भाऊबंद एके काळी अवाढव्य होते. डिप्रोटोडॉन नावाचा त्यांचा एक दूरचा नातलग अडीच टनांहून जड होता आणि सुमारे ४०,००० वर्षांपूर्वीपर्यंत ऑस्ट्रेलियात वावरत होता. एवढ्या देहाला बीळ कुठले पुरणार!

आजचा वॉम्बॅट साधारण मीटरभर लांब, २५ ते ३५ किलो वजनाचा, आखूड पायांचा आणि शेपूट जवळजवळ नसलेला असतो. पुढच्या पायांना रुंद, चपटी, भक्कम नखे. खणताना तो एका पंजाने माती ओरबाडतो, ती पोटाखाली साठते, मग मागच्या पायांनी ती मागे लोटतो. ढीग फार झाला की उलटा चालत येतो आणि पार्श्वभागाने सगळी माती बिळाबाहेर ढकलतो. वाटेत मूळ आडवे आले तर पटाशीच्या दातांनी कापून टाकतो. उंदराचे दात जसे जन्मभर वाढतात तसे वॉम्बॅटचेही वाढतात, आणि त्याच्या बाबतीत नुसते पुढचे नाहीत, दाढासुद्धा. शिशुधानी प्राण्यांत हे दुसऱ्या कुणाचे होत नाही. वाळू मिसळलेले राठ गवत चावणाऱ्याला दात झिजण्याची भीती सर्वांत मोठी. वॉम्बॅटने ती मुळातूनच निकालात काढली आहे.

बिळाचे तोंड त्याच्या अंगाला जेमतेम पुरेल इतकेच असते. आतला बोगदा वीस मीटरांपर्यंत, कधी त्याहूनही लांब जातो, त्याला फाटे फुटतात, कुठे थोडी प्रशस्त जागा असते आणि तिथे गवत, साल, पाने अंथरलेली असतात. नलारबोरच्या बाजूला एकेका ठिकाणी अशी अनेक तोंडे एकत्र असतात. खणून काढलेल्या पांढुरक्या चुनखडीचे ढीग इतके उठून दिसतात की संशोधक आता उपग्रहावरून घेतलेल्या छायाचित्रांत ते मोजून वॉम्बॅटांचा अंदाज बांधतात. निकल्सनच्या लक्षात आलेली एक गोष्ट पुढे फार महत्त्वाची ठरली. एका वॉम्बॅटची अनेक बिळे असतात आणि एकाच बिळात वेगवेगळ्या रात्री वेगवेगळे वॉम्बॅट येऊन झोपतात. सात-बारा कुणाच्याच नावावर नाही.

बिळात कुत्रा किंवा डिंगो हा तिथला रानकुत्रा घुसला तर वॉम्बॅट पळत नाही. तो आत तोंड करून थांबतो आणि बाटलीला बूच बसावे तसे आपल्या पार्श्वभागाने बीळ बंद करतो. तिथली कातडी जाड आणि चिवट, खाली कूर्चेचे आवरण आणि शेपटीचा मागमूस नाही, त्यामुळे शत्रूला दात रोवायला जागाच सापडत नाही. याच्याही पुढची गोष्ट सांगितली जाते: शत्रूने डोके अंगावरून आत खुपसले की वॉम्बॅट पाय ताठ करून त्याची कवटी बिळाच्या छताला चिरडतो. ऑस्ट्रेलियात ही कथा कुणालाही विचारा, लगेच ऐकायला मिळेल. पुराव्याने सिद्ध झालेले असे त्यात फारसे नाही. इतके खरे, की त्या मागच्या भागाने वॉम्बॅट एकमेकांशीही झगडतात. लाथा आणि चावे तिथेच बसतात. आणि हा गुबगुबीत गडी ठरवले तर थोड्या अंतरासाठी ताशी ४० किलोमीटरच्या वेगाने धावतो. ठरवत मात्र क्वचित.

न ठरवण्याचे कारण त्याच्या शरीराच्या हिशेबात आहे. वॉम्बॅट अत्यंत काटकसरी प्राणी आहे. त्याच्या रक्तात थायरॉइडची संप्रेरके फारच थोडी असतात आणि शरीराचा सगळा कारभार मंद आचेवर चालतो. त्याच्या वजनाच्या इतर सस्तन प्राण्यांना लागते त्याहून कितीतरी कमी अन्न आणि पाणी त्याला पुरते. हे जमते बिळामुळे. बाहेर पारा चाळिशीच्या पुढे गेला तरी आत खोलवर हवा गार आणि दमट राहते. हिवाळ्यात बाहेर हिम पडले तरी आत ऊब असते. अंग थंड ठेवायला पाणी घालवावे लागत नाही, गरम ठेवायला चरबी जाळावी लागत नाही. उन्हात राहायची वेळ आली तर त्याचे फार हाल होतात, कारण अंगातली उष्णता बाहेर टाकण्याची सोय त्याच्याकडे दुबळी आहे. म्हणून तो उन्हाळ्यात रात्री उशिरा बाहेर पडतो आणि हिवाळ्यात दुपारीही चरताना दिसतो.

त्याचे अन्न म्हणजे गवत, त्यातही बरेचदा वाळलेले, राठ. गायीसारखे चार कप्प्यांचे पोट त्याला नाही. गवतातला कठीण भाग कुजवून त्यातून सत्त्व काढण्याचे काम त्याचे मोठे आतडे करते. ते कमालीचे लांब असते आणि अन्न त्यातून सरकायला कित्येक दिवस लागतात. या मुक्कामात पाण्याचा शक्य तेवढा अंश शोषला जातो. शेवटी जे उरते ते कोरडे, घट्ट आणि घनाकृती असते. होय, चौरस बाजूंची, दिसायला फाशांसारखी लेंडी, जेमतेम दोन सेंटिमीटरांची. एका रात्रीत अशा ८० ते १०० लेंड्या पडतात. प्राण्यांच्या जगात दुसरे कुणी असे करत नाही.

गोल नळीतून चौकोनी माल कसा बाहेर येतो, हा प्रश्न वर्षानुवर्षे विनोदाचाच विषय होता. अटलांटातल्या जॉर्जिया टेक या संस्थेतील पॅट्रिशिया यांग आणि डेव्हिड हू यांनी तो गांभीर्याने घेतला. या दोघांची ओळख आधीच जरा निराळी होती. बहुतेक मोठे सस्तन प्राणी, हत्ती असो की बकरी, साधारण एकवीस सेकंदांत लघवी उरकतात हे त्यांच्याच गटाने दाखवले होते. टास्मानिया विद्यापीठातील स्कॉट कार्व्हर यांनी त्यांना वाहनांच्या धडकेत सापडलेल्या वॉम्बॅटांची आतडी पाठवली. यांग यांनी त्या आतड्यांत जत्रेतले विदूषक वापरतात तसले लांबुळके फुगे सरकवले, ते फुगवले आणि आतडे कुठे किती ताणले जाते ते मोजले. तुलनेला डुकराचे आतडे होते. डुकराचे सगळीकडे सारखे ताणले गेले. वॉम्बॅटच्या आतड्याच्या शेवटच्या टप्प्यात मात्र घेर एकसारखा नव्हता: काही पट्टे ताठ, काही मऊ. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुढच्या कामात हे आणखी स्पष्ट झाले. ताठ पट्टे पटकन आकुंचन पावतात, मऊ पट्टे सावकाश. मळ सुकत सुकत पुढे जाताना असे हजारो वेळा घडते आणि त्यातून सपाट बाजू आणि कोपरे घडत जातात. या शोधाला २०१९ सालचे भौतिकशास्त्राचे इग नोबेल मिळाले, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला देतात ते पारितोषिक.

कसे घडते ते असे कळले. का घडते याबद्दल माझे मन अजून साशंक आहे. नेहमीचे उत्तर असे की वॉम्बॅट आपल्या हद्दीची खूण म्हणून दगडांवर, ओंडक्यांवर लेंड्या ठेवतो आणि चौकोनी लेंडी घरंगळत नाही. खूण तो ठेवतो हे खरे. पण कोरडवाहू मुलखात पाणी वाचवण्यासाठी आतडे एवढे पिळून काढत असेल, तर चौकोनी आकार हा त्या पिळवटण्याचाच उपपरिणाम असू शकतो. घरंगळण्याची सोय नंतर पदरात पडलेली. प्राणिसंग्रहालयात पाणी आणि ओला चारा भरपूर मिळतो, तिथल्या वॉम्बॅटच्या लेंड्यांच्या कडा एवढ्या धारदार नसतात, हे याच बाजूने बोलते.

पिशवीबद्दलही अशीच एक सोपी गोष्ट सांगतात. वॉम्बॅटच्या मादीची पिशवी मागे उघडते, कांगारूसारखी पुढे नाही. म्हणून खणताना पिल्लावर माती पडत नाही. सोय उत्तम आहे, यात वाद नाही. पण जन्मात कधी बीळ न खणणाऱ्या कोआलाच्या पिशवीचे तोंडही खालच्या बाजूलाच झुकलेले असते, म्हणजे ही ठेवण दोघांच्या कुळात जुनीच असावी. पिल्लू जन्मते तेव्हा जेमतेम ग्रॅमभराचे असते. महिन्याभरात गर्भाशयातून बाहेर पडते, स्वतः सरपटत पिशवीत जाते आणि स्तनाग्र तोंडात धरून ठेवते. सहा ते दहा महिने पिशवीत, मग तितकेच महिने आईच्या मागे मागे. एका वेळी एकच पिल्लू, आणि साधारण दोन वर्षांतून एकदा. केसाळ नाकाच्या जातींत तर पावसाने दगा दिला की वीणच होत नाही. काटकसरीची ही दुसरी बाजू: असा प्राणी कमी खाऊन जगतो खरा, पण एकदा संख्या घटली की ती भरून यायला दशके लागतात.

युरोपीय विज्ञानाला वॉम्बॅट भेटला त्या कथेत भारताचा एक पदर आहे. नोव्हेंबर १७९६ मध्ये ‘सिडनी कोव्ह’ नावाचे व्यापारी जहाज कलकत्त्याहून मद्य, कापड वगैरे माल घेऊन सिडनीकडे निघाले. त्यावरचे बहुतेक खलाशी भारतीय होते. फेब्रुवारी १७९७ मध्ये टास्मानियाच्या ईशान्येला फर्नो बेटांपाशी ते फुटले. मदत आणायला सतरा जण होडीतून मुख्य भूमीकडे गेले, तीही फुटली, आणि किनाऱ्याकिनाऱ्याने शेकडो किलोमीटर चालत सिडनीजवळ पोचले ते तिघे. त्यांत एक भारतीय होता. बेटांवर अडकलेल्यांनी पक्षी आणि तिथले वॉम्बॅट खाऊन दिवस काढले. पुढे तिथूनच एक जिवंत वॉम्बॅट गव्हर्नर जॉन हंटर यांच्याकडे सिडनीत आला. सहा आठवड्यांत तो मेला, मग मद्याच्या पिंपात बुडवून त्याला इंग्लंडातल्या न्यूकॅसलच्या विद्वत्सभेकडे पाठवण्यात आले. त्या बेटांपैकी फक्त फ्लिंडर्स बेटावर आज वॉम्बॅट उरले आहेत; बाकीच्या बेटांवर माणसांची वस्ती आणि शिकार त्यांना पुरून उरली.

मुख्य भूमीवर त्याचे वैर शेतकऱ्याशी जुळले, आणि कारण पुन्हा बीळ. इंग्रजांनी शिकारीच्या हौसेपायी सोडलेले ससे बेसुमार वाढले, तेव्हा त्यांना अडवायला मैलोगणती जाळीची कुंपणे घातली गेली. वॉम्बॅटला कुंपण ही कल्पनाच मान्य नाही. रोजच्या वाटेत जाळी आली की तो ती खालून उचकटतो, आणि त्या भगदाडातून मग ससे आत येतात. शिवाय बिळात घोड्याचा पाय अडकून मोडतो, ट्रॅक्टरचे चाक रुतते, बांध खचतो. व्हिक्टोरियाने १९०६ मध्ये त्याला उपद्रवी ठरवले, पुढे त्याला मारणाऱ्याला बक्षीसही लावले. त्या राज्याच्या पूर्व भागातील १९३ परगण्यांत वॉम्बॅटला कायद्याचे संरक्षण नसण्याची ही स्थिती २०२० पर्यंत चालू होती. खरे तर उपाय जुना आणि स्वस्त आहे. वॉम्बॅट ज्या ठिकाणी जाळी फोडतो नेमक्या तिथेच वरून टांगलेले जड, झुलते दार बसवायचे. वॉम्बॅट डोक्याने ढकलून पार होतो, सशाच्या अंगात तेवढा जोर नसतो. भगदाडे बुजवत बसण्यापेक्षा हे परवडते, हे ज्यांनी करून पाहिले ते शेतकरीच सांगतात. पण बंदुकीची सवय दाराच्या सवयीपेक्षा जुनी होती.

शत्रूपेक्षा भयंकर निघाला तो एक किडा, डोळ्यांना धड न दिसणारा. माणसाला खरूज होते ती ज्या किड्यामुळे, त्याच जातीचा हा किडा गोऱ्या वसाहतवाल्यांबरोबर आणि त्यांच्या कुत्र्यांबरोबर ऑस्ट्रेलियात आला, असे पुरावे सांगतात. आपल्याकडे खरूज म्हणजे खाज, मलम आणि उकळत्या पाण्यात घातलेले कपडे, एवढ्यावर भागते. वॉम्बॅट तिने मरतो. मादी किडा कातडीत भुयार काढत जातो आणि अंडी घालतो. कातडी जाड होते, तिच्यावर खपल्यांचे थर चढतात, केस झडतात, थर भेगाळतात, भेगांत जंतू शिरतात. खपल्या डोळ्यांवर आणि कानांवर आल्या की जनावर आंधळे-बहिरे होते. उष्णता आणि शक्ती दोन्ही झपाट्याने खर्च होऊ लागतात. मंद आचेवर चालणाऱ्या शरीराला हा खर्च पेलत नाही. मग तो भर दुपारी उघड्यावर चरताना दिसतो, कुणी जवळ गेले तरी हालत नाही. पर्यटकांना वाटते, किती माणसाळलेला आहे!

आता निकल्सनचे ते निरीक्षण आठवा. गार, दमट बिळात हा किडा यजमानाशिवायही बरेच दिवस तग धरतो, आणि बिळे आलटून पालटून वापरली जातात. दोन वॉम्बॅट एकमेकांना कधीही न भेटता एकाची खरूज दुसऱ्याला होते. टास्मानियाच्या उत्तर किनाऱ्यावरच्या नारावंटापू राष्ट्रीय उद्यानात हे सर्वांच्या डोळ्यांदेखत घडले. कधी काळी तिथल्या कुरणांवर संध्याकाळी वॉम्बॅटच वॉम्बॅट दिसत. २०१० ते २०१७ या काळात त्यांची संख्या ९४ टक्क्यांनी घटली. रोग उद्यानाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे लाटेसारखा सरकत गेला.

औषध आहे. अडचण आहे ती ते रोग्याच्या अंगापर्यंत पोचवण्याची. रानातला तीस किलोचा, रात्री फिरणारा, बीळ बदलणारा रोगी पकडून दर आठवड्याला डोस देणे अशक्य. म्हणून स्वयंसेवकांनी बिळालाच दवाखाना केले. तारेच्या चौकटीला प्लास्टिकचा झुलता पडदा लावायचा, पडद्याच्या वरच्या भागात बाटलीचे झाकण वाटीसारखे बसवायचे, त्यात मोजून औषध ओतायचे आणि चौकट बिळाच्या तोंडाशी रोवायची. वॉम्बॅट पडदा ढकलून जातो, झाकण कलंडते, औषध पाठीवर सांडते. त्याला कळतही नाही. युक्ती झकास, पण जुन्या औषधाचा असर थोडे दिवस टिकायचा. महिनोन्महिने, आठवड्यामागून आठवडे, परिसरातल्या एकूण एक बिळावर पडदे लावून झाकणे भरत राहावी लागत. नारावंटापूत तसा प्रयत्न झाला, काही काळ रोग दबला आणि पुन्हा उसळला. आता कुत्रामांजरांच्या पिसवा-गोचिडांवर वापरतात ते फ्लुरालानर हे औषध वॉम्बॅटवर आजमावले गेले आहे. त्याचा एकच डोस आठवड्यांऐवजी महिन्यांच्या हिशेबात काम करतो. एखाद्या शेतावरचे, एखाद्या दरीतले वॉम्बॅट यामुळे वाचू शकतात. अख्ख्या टास्मानियातली खरूज यामुळे हटेल, असे मात्र या कामात मुरलेले लोकही म्हणत नाहीत.

वॉम्बॅट वाचवणे म्हणजे आणखी कुणाकुणाला वाचवणे, हे २०१९-२०च्या वणव्यांत पुढे आले. त्या उन्हाळ्यात समाजमाध्यमांवर एक बातमी जगभर फिरली: वॉम्बॅट इतर प्राण्यांना हाकून हाकून आपल्या बिळात सुरक्षित नेत आहेत. असले काहीही घडत नव्हते. वॉम्बॅटला शेजाऱ्याची एवढी काळजी असती तर तो वॉम्बॅट कसला. पण बिळे खरोखरच उपयोगी पडली. न्यू साउथ वेल्समधील वुमारगामाच्या जळालेल्या जंगलात संशोधकांनी बिळांच्या तोंडांशी कॅमेरे लावले, तेव्हा ५६ जातींचे प्राणी आणि पक्षी तिथे येताना टिपले गेले. उंदरांपासून घोरपडीच्या कुळातल्या सरड्यांपर्यंत कोणी आत शिरत होते, कोणी दाराशी किडे टिपत होते, कोणी साचलेले पाणी पीत होते. घरमालकाच्या परवानगीचा प्रश्नच नव्हता.

रस्त्यांबद्दल थोडेसे. ऑस्ट्रेलियात आता मराठी कुटुंबे पुष्कळ आहेत आणि सुट्टीत डोंगराकडे गाडी काढणारेही पुष्कळ. पिवळ्या पाटीवर काळा वॉम्बॅट दिसला की संध्याकाळनंतर वेग उतरवायचा. रस्त्याकडेला मेलेला वॉम्बॅट दिसला आणि थांबणे सुरक्षित असेल, तर तिथल्या वन्यजीव मदत केंद्राला फोन करायचा, कारण मादी असेल तर पिशवीतले पिल्लू जिवंत असू शकते. ते ओढून काढायचे नाही. स्तनाग्र त्याच्या तोंडात घट्ट बसलेले असते आणि ओढले की जबडा दुखावतो. आणि टास्मानियाजवळच्या मरिया बेटावर वॉम्बॅट अगदी पायाशी चरतात म्हणून सेल्फीसाठी त्यांच्या मागे लागायचे नाही. २०२५ मध्ये एका अमेरिकन पर्यटक बाईने रस्त्यावरचे पिल्लू आईपासून उचलून चित्रफीत काढली, तेव्हा ऑस्ट्रेलियाच्या पंतप्रधानांपर्यंत सगळ्यांनी तिला धारेवर धरले.

राहिला उत्तरेचा केसाळ नाकाचा. तिन्हींत हा सगळ्यांत मोठा, ४० किलोपर्यंत जाणारा, मऊ राखाडी अंगाचा. गोऱ्यांच्या वस्तीनंतरही न्यू साउथ वेल्समधील डेनिलिक्विनजवळ आणि दक्षिण क्वीन्सलंडमध्ये मूनी नदीकाठी तो होता. मेंढ्या, गुरे आणि ससे यांनी गवत संपवले, दुष्काळांनी उरलेले पाहून घेतले. शेवटी मध्य क्वीन्सलंडमधील एपिंग फॉरेस्ट या एकाच जागी तो उरला. तिथेच का, याचे उत्तर जमिनीत आहे: जुन्या ओढ्याच्या पात्रात साठलेली खोल वाळू, आणि तिच्यात बिळाचे छत धरून ठेवणारी झाडांची मुळे. १९७१ मध्ये तिथे राष्ट्रीय उद्यान झाले, पण गुरे चरतच राहिली. ती बाहेर निघायला १९८०चे दशक उजाडले. तेव्हा शिल्लक होते ३५च्या आसपास वॉम्बॅट. पृथ्वीवर.

पुढची कित्येक वर्षे संशोधक ॲलन हॉर्सअप आणि त्यांचे सहकारी हा आकडा वर सरकण्याची वाट पाहत होते. मोजणी हेच मोठे दिव्य होते. सापळ्यात पकडले की जनावर घाबरे होते, म्हणून पकडणे टाळायचे ठरले. बिळाच्या तोंडाशी दोन खुंट्यांमध्ये दोन्ही बाजूंनी चिकट असलेली पट्टी ताणून ठेवायची. वॉम्बॅट आत-बाहेर करताना त्याच्या पाठीचे चार केस तिला चिकटतात. सकाळी ते गोळा करायचे आणि केसांच्या मुळांतल्या डीएनएवरून ओळखायचे की हा कोण, नर की मादी, आधी नोंदलेला की नवा. या तपासणीतून हेही दिसले की दक्षिणेच्या भावंडाच्या तुलनेत या जातीतले जनुकीय वैविध्य निम्म्याहूनही कमी उरले आहे.

२०००-२००१ मध्ये डिंगोंनी उद्यानात शिरून किमान दहा वॉम्बॅट मारले. शंभरभर जिवांतले दहा! त्यानंतर २००२ मध्ये सगळ्या वस्तीभोवती वीस किलोमीटर लांबीचे डिंगो-रोधक कुंपण उभे राहिले. कुंपणांशी वैर असलेल्या कुळाला शेवटी कुंपणानेच वाचवले, ही गंमत नोंदवून ठेवण्यासारखी आहे.

कुंपणाने डिंगो अडतो, गवत अडत नाही. एपिंग फॉरेस्टमध्ये आज सगळीकडे माजले आहे ते बफेल गवत, म्हणजे आपले अंजन. आपल्याकडे दुष्काळी भागात चाऱ्यासाठी कौतुकाने लावतात तेच. उंटांबरोबर, त्यांच्या खोगिरात भरलेल्या गवतातून ते १८७०च्या दशकात ऑस्ट्रेलियात पोचले असे मानतात. नंतर गुरांसाठी मुद्दामही पेरले गेले. त्याने स्थानिक गवते मागे हटवली. वॉम्बॅटने ते खायला शिकून घेतले, त्याबद्दल त्याला मानले पाहिजे, पण वाळलेले अंजन फार जोमाने पेटते आणि त्याच्या दाट ठोंबांतून बिळापर्यंतच्या वाटा बुजतात. वाटा आणि जाळरेषा मोकळ्या ठेवणे हे तिथल्या कर्मचाऱ्यांचे बारमाही काम आहे.

सगळी जात एकाच उद्यानात ठेवणे धोक्याचे होते, म्हणून २००९ मध्ये दक्षिण क्वीन्सलंडमधील सेंट जॉर्जजवळ रिचर्ड अंडरवूड निसर्ग आश्रयस्थानात दुसरी वस्ती वसवायला सुरुवात झाली. खर्च एका खाणकंपनीने उचलला. नवी जागा निवडताना माती आधी पाहिली गेली, आणि वॉम्बॅट पोचण्याआधी माणसांनी त्यांच्यासाठी सुरुवातीची बिळे खणून ठेवली. पहिल्या काही हंगामांत पंधरा वॉम्बॅट नेण्यात आले, २०११ मध्ये तिथे पहिले पिल्लू नोंदले गेले. पण ही जागा लहान आहे, आणि कोरड्या वर्षांत चारा-पाण्याची वरकड सोय करावी लागते. म्हणून २०२४ मध्ये सेंट जॉर्जपासून फार दूर नसलेल्या पावरुना राज्य वनात, कितीतरी मोठ्या क्षेत्रावर, तिसरी वस्ती सुरू झाली. एपिंग फॉरेस्टमधून आणलेल्या वॉम्बॅटांना तिथेही आयती बिळे दिली गेली. आज एकूण संख्या चारशेच्या आसपास आहे. ३५ पासून तिथवर यायला चाळीस वर्षे लागली आणि त्यातले बहुसंख्य अजूनही एपिंग फॉरेस्टच्या त्या एका वाळूच्या पट्ट्यातच राहतात. पावरुनात पुढची पिढी स्वतःची बिळे खणू लागेपर्यंत दुसऱ्या-तिसऱ्या वस्तीच्या यशाबद्दल बोलायला तिथले लोक तयार नसतात, आणि ते बरोबरच आहे.